पडद्यावरचे अध्यापन आणि बेंबळीचा विद्यार्थी

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये संमिश्र अध्यापनासंबंधी एक टिपण प्रसिद्ध केले. कोणत्याही अभ्यासक्रमाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला वर्गात शिकवावा, अशी त्यातील सूचना होती. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांनाही त्याच वर्षीच्या नियमांनी तीच मर्यादा घालून दिली. एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तेथे पूर्ण करून विद्यार्थ्याला त्यांचे श्रेयांक आपल्या पदवीत जमा करता येतात; २०१६ च्या नियमांत ही मर्यादा वीस टक्के होती. चाळीस टक्के हा आकडा परिपत्रकात वाचताना फारसा मोठा वाटत नाही. पाच दिवसांच्या आठवड्यात मात्र तो पुरते दोन दिवस होतो. या दोन दिवसांत विद्यार्थी कोठे बसेल आणि अडला तर कोणाला विचारील, याचा विचार आपल्याकडील चर्चेत अभावानेच आढळतो. चर्चा होते ती यंत्राची, जोडणीची आणि चित्रफितींच्या संख्येची.

बेंबळी हे धाराशिव तालुक्यातील एक मोठे गाव आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून ते वीस-पंचवीस किलोमीटरांवर. सोयाबीनच्या भावावर आणि पावसाच्या लहरीवर घराचे अंदाजपत्रक ठरणारा हा मुलूख. केंद्र सरकारने २०१८ मध्ये जे ‘आकांक्षित जिल्हे’ जाहीर केले, त्यांत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीम यांच्या पंक्तीला तेव्हाचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा बसविण्यात आला. अशा गावातून पदवीच्या शिक्षणासाठी धाराशिव, तुळजापूर किंवा लातूर गाठणाऱ्या मुलांत, घरातील पहिलेच पदवीधर होऊ पाहणाऱ्यांची संख्या मोठी असते. ऑनलाइन शिक्षणाचे खरे मोजमाप करावयाचे तर ते अशा विद्यार्थ्यावरून केले पाहिजे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला पडद्यावरचा तास ही वर्गाला जोडलेली एक सोय असते. बेंबळीच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो वर्गाची जागाच घेईल की काय, अशी साधार भीती आहे.

आणीबाणी आणि योजना

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर जे घडले, त्यालाच आपण ऑनलाइन शिक्षण समजतो, ही पहिली अडचण. २५ मार्चला देश बंद झाला आणि आदल्या आठवड्यापर्यंत खडू-फळ्यावर शिकविणाऱ्या प्राध्यापकांना भ्रमणध्वनीसमोर उभे राहून बोलावे लागले. काहींनी पुस्तकांच्या चवडीवर फोन टेकविला, काहींनी हस्तलिखित टाचणांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर धाडली. कोकणात रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी उभारून शिकणाऱ्या मुलीची बातमी तेव्हा सर्वांनी कौतुकाने वाचली. ते कौतुक यथोचितच होते. पण तिला डोंगरावर जावे लागले याची खंत त्या मानाने कमी व्यक्त झाली.

पुढे परीक्षांचा घोळ झाला. अंतिम वर्षाच्या परीक्षा घेऊ नयेत असे राज्य शासनाचे मत, त्या घेतल्याच पाहिजेत असा आयोगाचा ६ जुलै २०२० चा आदेश, आणि परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा २८ ऑगस्टचा निर्णय, या क्रमाने प्रकरण ऑक्टोबरपर्यंत लांबले. शेवटी बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या. त्या काळात महाविद्यालयांतील कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी केलेल्या कामाची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही. पासवर्ड विसरलेल्या, नोंदणी क्रमांक चुकलेल्या, परीक्षेच्या मध्येच फोन बंद पडलेल्या विद्यार्थ्यांना धीर देणारा आवाज अनेकदा कारकुनाचा होता. विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्या दिवसांत महाविद्यालय म्हणजे फोनवर भेटणारा तो एक माणूस होता.

मार्च २०२० च्या अखेरीसच अमेरिकेतील काही शिक्षणतज्ज्ञांनी एक भेद स्पष्ट केला होता. संकटकाळी वर्ग उचलून पडद्यावर नेणे हे आणीबाणीचे दूरस्थ अध्यापन होय. ज्याची आखणी आधी काही महिने होते, ज्याचे पाठ्यसाहित्य त्याच हेतूने लिहिले जाते आणि ज्यात विद्यार्थ्याला साहाय्य करणारी माणसे नेमलेली असतात, ते ऑनलाइन शिक्षण निराळे. हा भेद ध्यानात न घेतल्याने आपल्याकडे दोन टोकाची मते बनली. एका पक्षाला टाळेबंदीतला अनुभव आठवून या शिक्षणाचा तिटकाराच आला. दुसऱ्या पक्षाला, म्हणजे बहुधा प्रशासनाला, इतके भागले तर पुढेही भागेल असे वाटू लागले. यांपैकी दुसरे मत अधिक घातक आहे.

संशोधन काय सांगते

माध्यमाने शिक्षणात फरक पडतो काय, हा वाद नवा नाही. रिचर्ड क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्येच असे प्रतिपादन केले की माध्यम ही केवळ वाहतुकीची सोय आहे. किराणा कोणत्या मालमोटारीने आला यावर घरातल्यांचे पोषण अवलंबून नसते. रॉबर्ट कोझमा यांनी त्यांना उत्तर दिले आणि तो वाद दशकभर चालला. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून असा निष्कर्ष काढला की ऑनलाइन शिकणारे विद्यार्थी वर्गातल्यांपेक्षा सरासरीने किंचित पुढे असतात आणि वर्ग व पडदा यांचा मेळ घातला तर फायदा अधिक दिसतो. संमिश्र अध्यापनाचे पुरस्कर्ते हा दाखला वारंवार देतात. मात्र त्याच अहवालात म्हटले होते की अशा मेळाच्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना अधिक वेळ आणि अधिक साहित्य मिळालेले होते, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येणार नाही. हे वाक्य उद्धृत होताना क्वचितच दिसते!

सरासरीच्या पोटात काय दडलेले असते, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखविले. कोलंबिया विद्यापीठातील संशोधन केंद्राच्या दी शू आणि शॅना जॅगर्स यांनी वॉशिंग्टन राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांतील चाळीस हजारांवर विद्यार्थ्यांच्या जवळपास पाच लाख अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासल्या. ही महाविद्यालये आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांशी थोडीफार तुलना करता येण्यासारखी. कष्टकरी घरांतली, नोकरी करून शिकणारी मुले तेथे येतात. ऑनलाइन अभ्यासक्रमांत सर्वच गटांची कामगिरी काहीशी घसरते असे त्यांना आढळले. पण वयाने लहान विद्यार्थी, मुलगे, कृष्णवर्णीय आणि आधीच कमी गुण असलेले विद्यार्थी यांची घसरण सर्वांत तीव्र होती. वर्गात जी दरी होती, ती पडद्यावर रुंदावली.

याहून बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाचे आहे. २०१३ च्या आरंभी या विद्यापीठाने ‘युडॅसिटी’ या कंपनीशी करार करून गणितासारखे पायाभूत विषय पडद्यावर शिकविण्याचा प्रयोग मोठ्या गाजावाजाने सुरू केला. पहिल्याच सत्राचा निकाल वर्गातील निकालापेक्षा इतका खाली गेला की जुलैमध्ये प्रयोग स्थगित करावा लागला. उन्हाळी सत्रात निकाल चांगलाच सुधारला. परंतु त्या तुकडीत आधीच पदवी मिळविलेल्यांचा भरणा मोठा होता. ज्याला शिकावे कसे हे ठाऊक आहे त्याला पडदा पुरतो. हार्वर्ड आणि एम.आय.टी. यांच्या खुल्या अभ्यासक्रमांचा २०१२ ते २०१८ या काळाचा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की शेवटच्या वर्षी नाव नोंदविणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. जगातल्या नामांकित प्राध्यापकांची ती व्याख्याने होती आणि ती पाहण्यास शुल्क नव्हते.

आमचा स्वतःचा अनुभव

या सर्व संशोधनाकडे परकीय म्हणून दुर्लक्ष करावयाचे ठरविले तरी हरकत नाही, कारण आपल्याजवळ आपला अनुभव पुरेसा आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील चोवीसशे खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम थेट पोहोचविण्यात आले. ‘साइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगात महाराष्ट्र नव्हता; पण धाराशिव जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या गुलबर्गा (आजच्या कलबुरगी) जिल्ह्यातील खेडी होती. त्या प्रयोगाने संच कोणाच्या ताब्यात द्यावयाचा, बिघडला तर कोणी दुरुस्त करावयाचा, कार्यक्रमापूर्वी आणि नंतर शिक्षकाने काय करावयाचे, या साध्या गोष्टींना महत्त्व दिले. हजारो प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षण त्यातच अंतर्भूत होते. उपग्रहाइतकाच विचार किल्लीचा झाला होता.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘देशव्यापी वर्ग’ सुरू केला. कार्यक्रम चांगले होते, परंतु मुख्यतः इंग्रजीत आणि दुपारच्या वेळी. खेड्यातल्या महाविद्यालयात संच असलाच तर तो प्राचार्यांच्या खोलीत किंवा कुलपात असे. भाषेचा हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आपले स्वतंत्र विद्यापीठ औरंगाबादला येण्यास १९५८ साल उजाडावे लागले. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांची भाषा आजही बहुतांशी इंग्रजीच आहे. काहींना मराठी लिखित रूप आणि अनुवाद मिळू लागले आहेत हे चांगले लक्षण. पण अनुवादित पाठ आणि मराठीत विचार करून लिहिलेला पाठ यांत जो फरक असतो, तो कोणाही शिक्षकाला सांगावा लागणार नाही.

मराठीत विचार करून लिहिण्याचे हे काम एका संस्थेने केले. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम, स्वतःच शिकता यावे अशा रीतीने लिहिलेली मराठी पुस्तके, गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे, ठरावीक रविवारी संपर्कसत्रे आणि शंका सोडविण्यास ‘समंत्रक’ अशी ती रचना होती. ‘समंत्रक’ हा शब्द मोठ्या विचाराने निवडलेला आहे. तो व्याख्याता नव्हे. व्याख्यान पुस्तकाने दिलेलेच असते; समंत्रकाने विद्यार्थ्याशेजारी बसावयाचे असते. पोलीस शिपाई, एस.टी.चे वाहक, अंगणवाडी सेविका, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या स्त्रिया अशांना या वाटेने पदवीपर्यंत पोहोचता आले. दूरशिक्षणाचा पुरस्कार करावयाचा तो या पुण्याईवर करावा.

अर्थात याही रचनेतील सर्वांत सहज गाळले जाणारे अंग म्हणजे संपर्कसत्र. पुस्तक छापले की दिसते, परीक्षा घेतली की दिसते. रविवारी सकाळी चार विद्यार्थ्यांपुढे बसलेला समंत्रक कोणाला दिसत नाही, आणि तो न आल्यास कोणाचे अडल्यासारखेही वाटत नाही. विद्यार्थ्याचे मात्र तेथेच अडते.

खर्चाचा हिशेब

मूळ मुद्दा येथे येतो. ऑनलाइन शिक्षण स्वस्त असते, हा समज मुळातच चुकीचा आहे. वाईट ऑनलाइन शिक्षण स्वस्त असते, यात शंका नाही: एकदा व्याख्यान मुद्रित करावे आणि ते दहा हजार मुलांना पाठवावे. चांगले करावयाचे तर साहित्य लिहिण्यास माणसे लागतात, आठवड्याला गृहपाठ तपासण्यास माणसे लागतात, आणि जो विद्यार्थी तीन आठवडे दिसला नाही त्याला फोन करणाराही एक माणूस लागतो. म्हणजे शिक्षक कमी लागत नाहीत, जास्त लागतात.

नेमक्या याच काळात राज्यातील अनुदानित महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहत आल्या आहेत. त्या ठिकाणी तासिका तत्त्वावर नेमणुका होतात. घेतलेल्या तासांचे मानधन, तेही उशिरा, आणि सुटीच्या महिन्यांत काहीच नाही. नेट-सेट उत्तीर्ण झालेली, पीएच.डी. मिळविलेली माणसे अशा स्थितीत चाळिशीला पोहोचली आहेत. एखाद्या विषयाला प्राध्यापक नाही, तेव्हा ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रम घ्या, असे विद्यार्थ्यांना सांगणे ही मग सोयीची वाट ठरते. नियमात ती बसते. चाळीस टक्क्यांची सवलत शिक्षणाच्या समृद्धीसाठी दिलेली आहे. ती रिक्त जागा झाकण्यासाठी वापरली गेली तर बेंबळीच्या मुलाला अर्धवट महाविद्यालय मिळेल आणि पदवीच्या कागदावर त्याचा मागमूसही दिसणार नाही.

येथे वर्गाची बाजू घेताना तिचे फाजील गोडवे गाण्याचेही कारण नाही. वर्गात बसवून पिवळ्या पडलेल्या टाचणांचा मजकूर उतरवून घ्यावयास लावणे, हा प्रकार आपल्याकडे थोडाथोडका झालेला नाही. त्या तासापेक्षा पडद्यावरचे चांगले व्याख्यान शतपटींनी बरे. शिवाय ते थांबविता येते, मागे नेता येते. भर वर्गात हात वर करून ‘सर, समजले नाही’ म्हणण्याचा ज्याला संकोच वाटतो, तो मुलगा तेच व्याख्यान चार वेळा ऐकू शकतो. हा लाभ क्षुल्लक नव्हे.

परंतु ऐकावयाचे कोठे? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशाच्या ग्रामीण भागातील शंभर घरांपैकी चारांच्या थोड्या वर घरांत संगणक आणि पंधराच्या आत घरांत इंटरनेट होते. त्यानंतर फोन पुष्कळ पसरले हे खरे. पण फोन म्हणजे अभ्यासाचे टेबल नव्हे. अनेक घरांत तो वडिलांबरोबर शेतावर जातो, रिचार्ज भावाच्या मर्जीवर होते आणि वितभर पडद्यावर तीनशे पानांचे पुस्तक वाचावे लागते.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे तिकीट झाले, त्यापूर्वीपासून विद्यार्थ्यांना पासची सवलत आहेच. सकाळच्या गाडीने धाराशिवला जाणाऱ्या मुलीला या प्रवासात पदवीइतकेच मोलाचे आणखी काही मिळते: ग्रंथालय, मैत्रिणी, कार्यालयाच्या खिडकीशी स्वतः बोलण्याची सवय, स्पर्धा परीक्षेची जाहिरात. आठवड्यातले दोन दिवस शिक्षण घरीच होते म्हटल्यावर, मग उरलेले तीन दिवस तरी कशाला जावयाचे, असे विचारणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. आणि घरी असलेली मुलगी पडद्यासमोर बसेल की चुलीसमोर, हे सांगण्यास संशोधनाची आवश्यकता नाही. उलट, ज्या घरातून मुलीला गावाबाहेर पाठवितच नाहीत तेथे हाच पडदा तिच्यासाठी एकमेव दार ठरू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच गावात, कदाचित एकाच गल्लीत खऱ्या आहेत. म्हणून मुंबईत किंवा दिल्लीत बसून एकच टक्केवारी ठरविणे योग्य नाही. तुळजापूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ग्रामीण आवारात विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य खेड्यांत जाऊनच होते; चाळीस टक्क्यांचा नियम तेथे आणि वाणिज्य शाखेच्या हिशेबाच्या तासाला सारखाच कसा लागू पडेल?

एक खोली

यावर उपाय आहे आणि तो अवाढव्य नाही. ज्या गावांतून पंचवीस-तीस पदवीचे विद्यार्थी बाहेर जातात, तेथे विद्यापीठाने एक अभ्यासखोली मान्य करावी. नवी इमारत नको. शाळेची संध्याकाळी मोकळी असणारी खोली चालेल. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारे सार्वजनिक वाचनालय असेल तर अधिक उत्तम. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली भारतनेटची तार जेथे चालू आहे तेथे ती या खोलीपर्यंत न्यावी. दहा संगणक, छापील मराठी साहित्याचे एक कपाट, आणि आठवड्यातून चार संध्याकाळ एक समंत्रक. हा समंत्रक शोधावयास लांब जावे लागणार नाही. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या त्याच नेट-सेटधारकांपैकी कितीतरी जण अशा गावांचे रहिवासी आहेत. त्यांना बारमाही, नियमित वेतन द्यावे आणि त्यांच्याकडे गावातील सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांची यादी सोपवावी. प्रत्येक विषय त्यांना शिकविता येणार नाही, तशी अपेक्षाही नाही. कोण मागे पडले हे ओळखणे, त्याच्या प्राध्यापकाशी गाठ घालून देणे आणि गृहपाठ वेळेवर करवून घेणे एवढे झाले तरी पडद्यावरचे ते दोन दिवस वाया जाणार नाहीत. मुलींसाठी वेळ उजेडाची ठेवावी लागेल आणि खोली गावाच्या मध्यावर असावी लागेल.

ज्या महाविद्यालयात एखाद्या विषयाची मंजूर जागा रिक्त आहे, तेथे त्या विषयापुरती ऑनलाइन अभ्यासक्रमाची सवलत मिळू नये, अशी अटही याबरोबरच विद्यापीठाने घालावी. संस्थाचालक नाराज होतील. पण पद भरण्याचा प्रस्ताव मग फायलीत पडून राहणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवला आहे. त्याने येत्या सत्रात बेंबळी धरून पाच-सहा गावांत हे करून पाहावे आणि वर्षअखेर निकालासोबत उपस्थितीचेही आकडे जाहीर करावेत. आरंभी मात्र तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: समंत्रकाचे वेतन कोणत्या लेखाशीर्षातून निघणार, विजेचे बिल कोण भरणार आणि खोलीची किल्ली कोणाजवळ राहणार.